आटलेला मास्क

सोमवारी सकाळी वानखेडे ऑफिसात आले की त्यांचा चेहरा घरात कुणीतरी गेल्यासारखा असायचा. पहिल्यांदा मी घाबरून विचारलं, "नागपूरला सगळं ठीक ना?"

"नागपूरला काय धाड भरलीय? पण त्या पोराला स्पर्धेतून काढलं, बाप्पा."

पोरगा म्हणजे शनिवारच्या कार्टूनमधला, मास्क घालणारा छोटा पैलवान.

सांता क्लारातल्या आमच्या कंपनीत वानखेडे डेटाबेस सांभाळायचे. पन्नाशीकडे झुकलेले, भारदस्त मिशा. त्यांना धक्का बसायला काहीही पुरायचं. इथली माणसं भोपळा खायचा सोडून दारात मांडतात, याचा धक्का. मॅनेजर टेबलावर पाय टाकून बोलतो, याचा धक्का. "ही तर हद्द झाली," म्हणून ते खुर्चीत मागे टेकायचे. पण कार्टूनचा धक्का बुधवारपर्यंत पुरायचा.

एका शनिवारी सर्व्हर बंद पडला आणि वानखेड्यांचा फोन सारखा एंगेज. मॅनेजरने मला त्यांच्या अपार्टमेंटवर पिटाळलं. एकटा माणूस, त्यात ब्लड प्रेशर. ड्राइव्ह करताना नाही नाही ते मनात आलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. वानखेडे टीव्हीसमोर चटईवर, रिसीव्हर कानाला. त्यांनी मला हातानेच बसायची खूण केली.

पडद्यावर पोराच्या आईने मास्क ड्रायरमध्ये टाकला होता. तो आटला आणि डोळ्यांची भोकं कपाळावर गेली. पोरगा तसाच चाचपडत आखाड्यात उतरला. त्याने पंचालाच उचलून आपटलं आणि खांबाशी हात मिळवला.

"अगं, त्याला दिसत नाहीये काही," वानखेडे फोनवर कळवळले. "आता कसं व्हायचं त्याचं?"

पलीकडून खुदखुदणं ऐकू आलं. "बाबा, जस्ट वॉच."

मी चाट पडलो. वानखेड्यांचं लग्न झालेलं होतं, हेच ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं.

जाहिराती लागल्यावर त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला. "मुलगी. पार पूर्वेकडे, अल्फारेटाला असते, आईकडे. तिकडे तीन तास आधी लागतं. तिचं बघून झालेलं असतं, पण पुढचं सांगत नाही."

मग मास्क टर्रकन फाटला. पोराने ओंजळीत तोंड लपवलं. मग एकेका प्रेक्षकाने आपल्याच डोळ्यांवर हात ठेवले, त्याचा चेहरा कुणाला दिसू नये म्हणून. "ही तर हद्द झाली," वानखेडे फोनवर म्हणाले.

"शॉक्ड, बाबा?"

"व्हेरी," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "चांगला होता एपिसोड."

"गेल्या हिवाळ्यात दाखवला होता की. दोघांनी पाहिलाय."

"मग एवढा धक्का?"

"तिला ऐकायचा असतो ना."

ते कोचाखाली वाकून बूट शोधू लागले. तसेच वाकलेले असताना म्हणाले, "पंधरा वर्षांची झाली. हे बघायचं तिचं वय गेलं रे. पण माझ्याशी दुसरं काय बोलावं, हे तिला सुचत नाही. मलाही नाही. म्हणून बसते बिचारी."

एक बूट सापडला. तो हातात धरून ते जरा वेळ चटईवरच बसले.

"चल," मग म्हणाले, "तुझा सर्व्हर बघू."