केरबा मिस्त्रीची लाल दोरी

माझ्या लग्नात अक्षता पडल्या, ताशा कडाडला, आणि केरबा मिस्त्री गर्दीतून कोपरं मारत माझ्यापर्यंत आला. मला वाटलं, गळाभेट घेतोय. त्यानं कानाला तोंड लावलं आणि म्हणाला, "चालू तर केलंस राव. बंद कुठनं करायचं, इचारलंस का कुनाला?"

शेजारी सरू उभी होती, मुंडावळ्या बांधलेली. तिला ऐकू गेलं. ती फिस्सकन हसली, नव्या नवरीनं हसू नये तेवढी. तिची आणि केरबाची ओळख ही अशी झाली.

सरू माघात गेली. छातीत पाणी झालं होतं. मी सातवी नापास माणूस, पत्र लिहायचं तर तीच मजकूर सांगायची. आता सांगणारं कोणी नाही. तरी हे लिहितोय, कारण केरबाबद्दल एक गोष्ट मी पुष्कळ वर्षं दाबून ठेवली आहे.

तर केरबाचा हा एकच प्रश्न. गिरणीत दळण घेऊन गेला की डबा खाली ठेवायच्या आधी विचारणार, "बंद कुठनं व्हती?" जत्रेत पाळणेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "बसायचं तर बस, न्हाईतर मागं सर." केरबा बसला नाही आणि रांगेतल्या कोणाला बसूही दिलं नाही. शेवटी त्या माणसानं चाकात घालायचं लाकूड काढून दाखवलं, तेव्हा हा बाजूला झाला. एकदा कीर्तनात बुवा रंगात आले, थांबायचं नावच घेईनात. केरबानं पुढं सरकून मृदंगवाल्यालाच विचारलं. मला त्याचा हात धरून बाहेर आणावा लागला.

सगळ्या जगात त्याला मनापासून आवडायची ती बसमधली घंटीची दोरी. म्हणायचा, "ही शानी गाडी. मागच्या मान्साच्या हातात बी थांबिवनं हाय."

कुरुळीहून कामाला सायकलनं यायचा. सायकलला दोन ब्रेक असतात, ह्याच्या सायकलला तिसरा होता. दोरी ओढली की मागच्या चाकावर लाकडाचा ठोकळा पडायचा. एकदा उतारावर तिन्ही एकदम लावले आणि भाऊ हँडलवरून पुढं. नाक फुटलं. रुमाल धरून म्हणाला, "पन थांबली का न्हाई?"

लग्न त्यानं केलं नाही. विचारलं तर म्हणे, "चालूच केलं न्हाई, म्हंजे बंद करायची पाळी न्हाई."

आमची कंपनी पिंपरीत. कोळसा, खडी, पोती वाहून नेणारे रबरी पट्टे आम्ही बनवायचो. केरबा फिटर, मी त्याच्या हाताखाली. दुष्काळ पडला त्याच्या आदल्या हिवाळ्यात शहरात कारखान्यांचं प्रदर्शन भरलं, आणि आमच्या साहेबांच्या डोक्यात आलं की पट्ट्यावर पोत्यांऐवजी माणसं न्यायची. नुसतं उभं राहायचं, पट्टा चालणार, माणूस मांडवाच्या ह्या टोकाहून त्या टोकाला. "विमानतळावर असतं तसं," साहेब म्हणाले. आमच्यातल्या कोणी विमानतळ बघितला नव्हता. आम्ही माना हलवल्या. केरबानं विचारलं, "बंद कुठनं करायचं?"

साहेबांनी भिंतीवरचा खटका दाखवला. केरबा म्हणाला, "सायेब, पोत्याचं पाय अडकत न्हाईत. मान्साचं अडकत्यात. ज्याचा अडकंल त्याच्या हाताला थांबिवनं पायजे."

मग त्याचं काम सुरू झालं. पट्टा जिथं फरशीखाली जातो तिथं त्यानं पितळेची फणी बसवली, पट्ट्याच्या खाचांत दात बसतील अशी, म्हणजे चपलेचं टोक आत जाण्याआधी वर उचललं जाईल. फणीखाली काही गेलं तर आपोआप थांबावं असा एक खटका त्याला हवा होता. साहेब म्हणाले, प्रदर्शन पंधरा दिवसांचं आहे, पुरे. मग त्यानं कठड्याच्या कडेनं लाल दोरी ओढली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठूनही ओढा, पट्टा थांबणार. साहेब म्हणाले, "मिस्त्री, धोतरं वाळत घालणार आहात का?" पण दोरी राहिली.

लोकांनी त्या दोरीचा जीव घेतला. पट्टा हलला की घाबरून माणूस जे सापडेल ते धरतो. कठडा सोडून दोरीच धरायचे. की पट्टा बंद. परत चालू, परत बंद. बाया किंचाळायच्या, पोरं मुद्दाम ओढायची. केरबा प्रत्येक वेळी खूश. "बघ, लागली! ह्या वख्ताला बी लागली!"

सहाव्या दिवशी कोणी मोठे पाहुणे यायचे होते. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज पट्टा थांबला तर तुझं परमनंटचं विसर." दोन पोरी होत्या मला. फणीचा एक दात आदल्या दिवशी तुटला होता, नवा उद्या यायचा होता. केरबा भाकरी खायला मांडवामागं गेला. जाताना म्हणाला, "दोरीकडं ध्यान ठेव. कुनाला टावेल टाकू दिऊ नगं."

तो वळला आणि मी दोरीचं टोक पट्ट्याच्या शेवटाला, खटक्याजवळच्या नळीला बांधलं. दोन वेढे आणि गाठ. आता कोणी कितीही ओढो, खटक्याला कळणार नव्हतं.

माझ्या गाठीचं सांगायला पाहिजे. शेपूट उलटं आत खुपसायचं, आमच्या बापानं बैल बांधायला शिकवलेली. घरात वाळवणीच्या दोरीला मी तीच मारायचो आणि सरू रोज ओरडायची, "तुमच्या गाठी सोडवायच्या तर दातांना धार लावून यावं लागतं!"

पाहुणे आले, गेले, पट्टा एकदाही थांबला नाही. साहेबांनी पाठ थोपटली. मी चहा घ्यायला चार पावलं गेलो. गाठ सोडायची राहिली.

त्याच दुपारी सरू शेजारणींबरोबर आली. नवऱ्यानं बनवलेला रस्ता बघायला. मीच तिला घरी समजावलं होतं, काही झालं तर लाल दोरी ओढायची.

शेवटाला तिच्या लुगड्याचा काठ तुटक्या दातातून आत गेला. मागून पाय गेला. तिनं दोरी ओढली. दोन्ही हातांनी ओढली. मी चहाच्या टपरीवरून बघत होतो, कप हातात धरून.

केरबा भाकरी टाकून पळत आला, दोरी धरली, ताणावरून ती बांधलेली कळली, आणि कोणाकडं न बघता त्यानं भिंतीवरचा खटका खाली ओढला. सरूच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, गाठ कोणी मारली? मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. केरबा म्हणाला, "म्या."

जो माणूस दोरीवर टॉवेल टाकू देत नाही तो तिला गाठ मारेल, हे शेंबड्या पोरालाही पटलं नसतं. पण साहेबांना कागदावर एक नाव पाहिजे होतं. केरबाला काढलं. मी परमनंट झालो.

गेटाबाहेर मी त्याचा हात धरला तर तो झटकून म्हणाला, "रडू नगंस. तुला वैनीचा पाय बघायचाय. माझ्यामागं कोन हाय?"

सरूला मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत पोरींची लग्नं झाली.

केरबा निघोज्याच्या गिरणीत लागला. तिथंही त्यानं लाल दोरी लावली. वर्षातून एकदा दिवाळीला आमच्याकडं यायचा, पट्ट्याच्या तुकड्यांची चप्पल घेऊन, सरूसाठी. डावीत दोन बोटांच्या जागी चिंध्यांचा बोळा शिवलेला, पाय सरकू नये म्हणून. सरू घालून चार पावलं चालून दाखवायची. केरबा गंभीर तोंडानं म्हणायचा, "थांबा." ती थांबायची. "हां. बराबर थांबतीया." मग दोघं हसायची. मी आत पाणी आणायला जायचो.

यंदा दिवाळीला तो आजारी होता. सरूच्या दहाव्याला आला, नदीवरून घरी आला. पिशवीत चप्पल होती. ओट्यावर बसला, पिशवी मांडीवर. मग म्हणाला, "ह्याचं काय करू आता?"

मला राहवलं नाही. म्हणालो, "केरबा, मी तिला कधी सांगितलंच नाही रे. गाठ माझी होती."

"तिला ठावं व्हतं."

मी विचारलं, कसं?

"पाय आत, दोरी हातात, आन डोळ्याम्होरं गाठ. ती रोज नखं तोडून सोडवायची ती गाठ तिला वळखू यायची न्हाई व्हय? पयली चप्पल घिऊन आलो तवा तू शिफ्टला व्हतास. मला म्हनली, भावजी, गाठ ह्यांची व्हती. पन मला कळलंय हे त्यास्नी कळू दिऊ नका. घरात मान वर करून जेवायचं न्हाईत."

त्यानं चप्पल पिशवीतून काढली आणि सरूच्या जुन्या चपलेशेजारी उंबऱ्यापाशी नीट लावून ठेवली. मग अंगणात उतरला. वाळवणीच्या दोरीवर माझं ओलं धोतर होतं. त्यानं दोरी ओढून बघितली, सवयीनं. माझी गाठ नखानं, मग दातानं सोडवली, बराच वेळ लागला, आणि जागेवर साधी सरकगाठ मारली.

"आता एकटा हाईस," माझ्याकडं न बघता म्हणाला. "एका हातानं सुटंल अशीच मारत जा. म्या तशीच मारतो."