दुसरी आधी, पहिली मागाहून

आमच्या शेजारचे भिवाकाका सिनेमा उलटा बघत. म्हणजे डोकं खाली आणि पाय वर करून नव्हे, तेवढंच काय ते बाकी होतं. त्या काळी एका सिनेमाच्या दोन सीड्या येत. तुम्ही-आम्ही पहिली आधी लावायचो आणि दुसरी नंतर. काका दुसरी आधी लावत. तिच्या शेवटी हिरो पुलावरून पुरात पडून मरे. काका पंच्याने डोळे पुसत, दोनदा खाकरत आणि मशीनमधली दुसरी काढून पहिली घालत. पहिलीच्या सुरुवातीलाच तो हिरो खाटेवर घोरत पडलेला असे आणि त्याची आई त्याच्या तोंडावर तांब्याभर पाणी ओतून त्याला उठवी. तो धडपडून उठला की काका स्वयंपाकघराकडे बघून ओरडत, "उठलो मां तो? वाढ गो आता!"

आणि काकी भात वाढत.

मी वेंगुर्ल्याची. लग्न होऊन तारकर्लीच्या अलीकडच्या या वाडीत आले, तेव्हा आमच्या आणि काकांच्या घरांमध्ये फक्त एक दगडी गडगा होता आणि त्यालाही जाण्यायेण्याने खिंडार पडलेलं होतं. माझा स्वभाव मुळातच चौकस. आई म्हणायची, हिला देवाने नाक दिलंय ते दुसऱ्यांच्या घरात खुपसायलाच. त्यामुळे रोज नाही, पण दर आठवड्याला गडग्यापलीकडे एक माणूस मरून पुन्हा उठतोय, हे ऐकल्यावर मला स्वस्थ बसवेना.

सिनेमा नेहमी तोच. त्याचं नाव काका कधी घेत नसत. नुसतं 'आपलो' म्हणत. "आज होडी जावची नाय, चल, आपलो लावया." काकांची होडी आता पुतणे चालवत, काका खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून जाळी सांधत. सकाळचं काम आवरलं की अकराच्या सुमाराला 'आपलो' सुरू होई आणि जेवणवेळेपर्यंत लग्नाची बोलणी, पूर, मरण आणि तांब्याभर पाणी, सगळं उरकलेलं असे; जत्रा आणि प्रेम जेवता जेवता. वाडीतली पोरं दारात बसून बघत. आमच्या वाडीतल्या एका अख्ख्या पिढीची अशी ठाम समजूत होती की, माणूस आधी मरतो आणि मग त्याला नोकरी लागते.

आमच्या ह्यांचं म्हणणं, काकांना सीडीवरचे आकडे कळत नसणार. पण काका पेपर अक्षर न् अक्षर वाचत. मालवणच्या बाजारातल्या सीडीवाल्यालाही हीच शंका आली असावी. त्याने दोन्ही सीड्यांवर लाल शाईने भलेमोठे एक आणि दोन काढून दिले. काका खूश झाले. "बरां केलंस रे. आता चुकान पयली आधी लागाची नाय," असं त्याला म्हणाले. तो बिचारा गिऱ्हाईकाला उलट बोलत नसे.

मग मी माझे पुरावे गोळा करायला लागले. काका बांगडा शेपटीकडून खात. पेपर शेवटच्या पानापासून उघडत. लग्नात अक्षता पडायच्या आधीच पंगतीची जागा धरून ठेवत. माणूसच मुळात उलटा आहे, असा निकाल मी एका दुपारी आमच्या ह्यांना ऐकवला. हे म्हणाले, "पेपर मीही मागून वाचतो, क्रिकेट तिकडेच असतं. आणि पंगतीचं म्हणशील तर पहिल्या पंगतीला मासा बरा मिळतो." सासूबाईंनी त्यात भर घातली. "भिवाचा काय चुकता? मरण आधी, लगीन मागसून. आमचां उलटां झाला, म्हणान हे हाल."

शेवटी मी सरळ काकींनाच गाठलं. काकी पण मूळच्या वेंगुर्ल्याच्या, त्यामुळे माझ्यावर त्यांचा माहेरचा जीव. विळीवर सुरमई करत होत्या. मी विचारलं तशा त्या हसायलाच लागल्या. हसता हसता विळी बाजूला सरकवली.

"मी रडकी गो, म्हणान ह्या सगळां," त्या म्हणाल्या.

झालं होतं असं. दोघांचं लग्न झालं त्याच वर्षी मालवणात तंबूतला सिनेमा आला आणि त्यात हा 'आपलो' लागला. तोवर दोघांनी बघितलेलं एकच, दशावतार. दशावतारात रात्रभर युद्ध चालतं, एखादा कोवळा राजपुत्र मारला जातो, बायाबापड्या पदर डोळ्यांना लावतात. पण सकाळी तोच राजपुत्र जत्रेतल्या हॉटेलात, कानामागे रंग तसाच ठेवून, चहात कडक बटर बुडवताना दिसतो. त्याला बघितलं की रडलेल्यांचा जीव भांड्यात पडतो आणि माणसं घरी जाऊन जेवतात. आमच्याकडे मरणाची रीत ती अशी आहे.

सिनेमातला हिरो पुरात पडला आणि नवी नवरी काकी जी रडायला लागली ती थांबेचना. दुसऱ्या दिवशी सकाळी पेजेला तोंड लावेना. काकांनी तिची समजूत घातली, अगो, वेडी काय तू, तो चहाला येईलच की. आणि खरंच तंबूसमोरच्या हॉटेलात जाऊन बसले.

"अर्दो दिस बसले गो!" काकी विळीवरून मला सांगत होत्या. "तो चाय पिवक येतलो म्हणान! माका बोलवन दाकवतले, बघ, जिवंत आसा!"

हिरो कशाचा येतोय? आला तो तंबूचा मालक. घाटावरचा माणूस. कोणाची वाट बघताय म्हणून त्याने विचारलं, आणि काकांनी खरं ते सांगून टाकलं. कोणीही पोट धरून हसलं असतं. तो हसला नाही. म्हणाला, "संध्याकाळच्या खेळाला या. बायकोला आणा. तुमचा माणूस धडधाकट उभा दाखवतो. फक्त मध्यंतराला उठून घरी जा."

दोघं गेली. हिरो खाटेवरून उठला. काकी बघत राहिल्या. मध्यंतराला काका त्यांना हाताला धरून तंबूबाहेर घेऊन आले आणि घरी येऊन काकी पोटभर जेवल्या. पुढे कित्येक वर्षांनी त्याच सिनेमाची सीडी निघाली, तीही नेमकी मध्यंतराला कापून दोन तुकड्यांत. काकांना वाटलं, कंपनीने हे आपल्या घरचं बघूनच केलं.

"पण काकी," मी म्हटलं, "तो खरो मरणा नाय, ह्या तुमका म्हायत आसा मां?"

"मी काय खुळी? सगळां म्हायत आसा. पण डोळ्यांनी बघूक व्हया मां गो? बघल्याशिवाय घास जाणा नाय."

"आणि काकांका?"

"ह्यांका काय!" काकींनी सुरमईचं डोकं बाजूला टाकलं. "कोणय मरांदे, हे पोटभर जेवतले."

पुढे एका चतुर्थीला या रीतीची कसोटीच लागली. मुंबईहून पुतण्या विलास आला होता. चाकरमानी गावात आला की पहिल्यांदा आमचं काय चुकतं ते शोधतो. विलासने काकांच्या हातातली सीडी काढून घेतली. "काका, असा नसतो बघायचा. मी लावतो बरोबर." काका 'नको नको' म्हणत होते, पण घर पाहुण्यांनी भरलेलं, गणपतीसमोर वाद कोण घालणार? विलासने पहिली आधी लावली, दुसरी नंतर लावली. हिरो पुलावरून पडला आणि त्याच क्षणाला लाइट गेली. त्या वर्षांत ती रोजच जाई, आणि गेली की तीन-चार तास यायची नाही.

पानं वाढलेली. मोदक वाफाळत होते. काकी पानावर बसल्या, पण मोदक नुसता बोटाने फिरवत राहिल्या. सणाच्या दिवशी घरची बाई जेवत नाही म्हटल्यावर सगळेच थांबले. विलासचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

काका पानावरून उठले. पडवीतल्या बाकावर जाऊन आडवे झाले आणि मोठमोठ्याने घोरायला लागले. आम्हांला कळेना. मग एक डोळा उघडून विलासवर खेकसले, "बघतंस काय? तांब्यो घे आणि ओत!"

"काका, नवं धोतर आहे..."

"ओत म्हणतंय मां!"

विलासने ओतलं. काका त्या हिरोसारखेच धडपडून उठले, तशीच मान झटकली आणि त्याच्या आईच्या आवाजात स्वतःलाच चार शिव्या दिल्या. मग धोतर पिळत पिळत जत्रेतली मारामारी केली, हिरोईनचं लाजणं केलं, तिच्या बापाचं खोकणं केलं. अख्खी पहिली सीडी त्यांना तोंडपाठ होती. काकी आधी तोंडावर पदर धरून आणि मग पदर सोडून हसल्या. काका मध्येच थांबून म्हणाले, "उठलो मां? वाढ गो आता." त्या दिवशी काकींनी मोदक किती खाल्ले ते मी मोजलं नाही, पण तूप दोनदा मागून घेतलं.

त्यानंतरच्या शिमग्याला काकी गेल्या. चार दिवसांचा ताप, दुसरं काही नाही. मालवणच्या दवाखान्यात नेलं आणि तिथेच गेल्या.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, विलास मुंबईला गेला. काका खळ्यात बसून राहत, पुढ्यात जाळं असे, पण सुई चालत नसे. मी रोज गडग्याच्या खिंडारातून ताट नेई आणि संध्याकाळी तसंच्या तसं परत आणी. नुसत्या चहावर माणूस किती दिवस काढणार? गाल बसले, धोतर कमरेला राहीना. 'कोणय मरांदे, हे पोटभर जेवतले' म्हणणारी काकी चुकली होती आणि तिला ते सांगायची सोय नव्हती. मला त्या ताटांकडे बघून रडू येई.

एका दुपारी मी ताट ठेवलं आणि टीव्हीवरचा कपडा काढला. "काका, आपलो लावया?"

त्यांनी नकाराची मान हलवली नाही, म्हणून मी सीड्या काढल्या. सवयीने दुसरीच हातात आली.

"ती नको," काका म्हणाले. "दुसरी झाली बघून."

मी पहिली घेतली.

"तीय नको. तो उठतलो गो बाय. ती खंय उठतली?"

मी सीड्या कव्हरात घातल्या आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. मग माझा मूळ स्वभाव वर आला. इतक्या वर्षांत मी त्या घरातलं सगळं विचारून घेतलं होतं, फक्त एक राहिलं होतं.

"काका, काकी आमच्या वेंगुर्ल्याच्या. तुमका खंय गावल्या?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. जाळं मांडीवरून खाली ठेवलं.

"जेटीर," ते म्हणाले. "वेंगुर्ल्याच्या जेटीर. माझी होडी लागलेली. तां, तुझी काकी, काजीच्या फॅक्टरीतसून इला, हातांची बोटां काळी. बांगड्यांचो वाटो उचलल्यान, वास घेतल्यान..." काका थांबले. मग पाठ सरळ केली, नाक मुरडलं, आणि आवाज बदलला. तो हुबेहूब काकींचा होता, पण मी कधी न ऐकलेला, अठरा वर्षांच्या पोरीचा. "'काय रे, हे बांगडे कधी मेले?'"

"मगे? तुमी काय म्हटलास?"

"मी म्हटलंय, 'मेले खंय? निजलेत.'"

ते सांगताना काका हसले. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि हसत होते. "हसला गो तां! जेटीर सगळ्यांच्या समोर हसला. मगे वाटो घेतल्यान आणि..."

पुढचं पुष्कळ होतं. मध्येच त्यांनी पंच्याने तोंड पुसलं, दोनदा खाकरले आणि ताट पुढे ओढलं.

"वाढ गो आता," म्हणाले.

मी भात वाढला.