मामाच्या तेरवीतलं रडू

मामाची तेरवी उद्यावर आली होती आणि बंडू वेल्डर बोरगाव मेघेतल्या आपल्या दुकानात डोळे मिटून एका गेटला वेल्डिंगचे टाके मारत बसला होता. डोळे मिटून म्हणजे खरोखर मिटून. रॉड जागेवर टेकवायचा, नेम धरायचा, डोळे गच्च बंद करायचे आणि चर्र आवाज झाला की उघडायचे, ही त्याची पद्धत. मिटायला जरा उशीर झाला की रॉडच्या टोकाला पेटणाऱ्या आर्कचा तो निळा-पांढरा उजेड सरळ डोळ्यांत जायचा. पण एवढ्या-तेवढ्याने काय होतं, असं बंडूचं म्हणणं. काळा चष्मा दुकानात होता, नव्हता असं नाही. खिळ्याला टांगलेला होता आणि त्याच्यावर धूळ बसत होती.

लोक त्याला बंडूजी म्हणत, कारण वय चाळिशीच्या पुढचं आणि हाताखाली दोन माणसं. मामांनी मात्र त्याला कधी बंडूच्या वर चढू दिलं नाही, म्हणून आपणही बंडूच म्हणू.

चष्म्याशी बंडूचं वाकडं होतं ते मामांमुळे. पवनारचे नत्थूजी हे त्याचे मामा आणि वेल्डिंगमधले गुरूही. त्यांना मूलबाळ नव्हतं. बिनआईच्या भाच्याला त्यांनी घरात ठेवून घेतलं आणि हात धरून काम शिकवलं. पुढे मामांची नजर अधू झाली. जन्मभर उघड्या डोळ्यांनी आर्क बघितली, तिचा हा प्रताप, असं डॉक्टर म्हणाले, आणि तेव्हापासून मामांनी चष्म्याचं असं खूळ घेतलं की विचारू नका. स्वतः तर लावायचेच, पण दुकानात कोणी उघड्या डोळ्यांनी मशीनला हात लावला की त्याची खैर नसे.

एकदा भर गिऱ्हाइकांत त्यांनी बंडूला यावरून झापलं आणि बंडूच्या तोंडून निघून गेलं, "तुमचे डोळे गेले म्हून साऱ्याइचेच जातीन का?"

गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघू लागली. मामा चष्मा डोळ्यांवर ओढून पुन्हा कामाला लागले. बंडूने त्याच संध्याकाळी गाशा गुंडाळला, बोरगावात स्वतःचं दुकान टाकलं आणि मामा-भाच्याचं बोलणं जे बंद झालं ते झालंच. आता चष्मा लावायचा म्हणजे मामा बरोबर होते असं कबूल करायचं, आणि बंडूची मान तेवढी वाकायला तयार नव्हती.

मग मामा गेले. निरोप आला तेव्हा बंडू आर्वीला एका दुकानाचं शटर बसवत होता. तो परत येईपर्यंत धाम नदीच्या काठी सगळं उरकलंही होतं. त्यानंतर लगेच जायला पाहिजे होतं, हे काय त्याला कळत नव्हतं? पण जायचं कोणत्या तोंडाने? मामीने दारातूनच परत पाठवलं तर? मनकर्णामामीच्या हातचं खाऊन तो मोठा झालेला. तिने पाठ फिरवली तर आईच्या मायेचं असं कोणी आपल्याला उरत नाही, या विचाराने तो पायात घातलेली चप्पल पुन्हा काढून ठेवायचा. आज जातो, उद्या जातो, असं करत गडी तेरवीपर्यंत येऊन ठेपला.

शेवटी बायकोने, कौशल्याबाईने, निक्षून सांगितलं की तेरवीला जायचं म्हणजे जायचं. बंडूने मनात बेत केला. मंडपात सगळ्यांत मागे बसायचं, जमलंच तर मामीच्या पाया पडायचं, पंगतीत दोन घास खायचे आणि गुपचूप सुटायचं. हा बेत घोळवत तो टाके मारत राहिला. मन पवनारात, हात गेटवर. त्या संध्याकाळी त्याचे डोळे काही वेळेवर मिटले नाहीत.

आर्क लागली की लगेच कळत नाही, हीच तिची खोड. माणूस जेवतो, निवांत झोपतो आणि मग डोळ्यांत कोणी घमेलंभर रेती ओतल्यासारखं होतं. पहाटे बंडू उठून बसला तेव्हा पापण्या सुजलेल्या, डोळे लालभडक आणि पाण्याची धार काही थांबत नव्हती. कौशल्याबाईने दिवा लावला तर तो ओरडलाच.

"चष्मा काऊन नाई लावला?" तिने विचारलं.

"आता कायले विचारून राह्यली?" बंडू म्हणाला.

काळा चष्मा लावून चला, असं तिने सुचवून पाहिलं. पण तेरवीत काळा चष्मा लावला तर मामा मेला आणि भाचा हिरो बनून आला, असं लोक म्हणतील, हे बंडूचं म्हणणं तिलाही पटलं. न जाणं तर शक्यच नव्हतं. अंत्यविधीला नाही, तेरवीलाही नाही, मग कायमचंच तोंड लपवावं लागलं असतं. तेव्हा नवऱ्याचा हात धरून ती निघाली.

गंमत बसमध्येच सुरू झाली. घळाघळा रडणारा बाप्या माणूस बघून एका कॉलेजच्या मुलाने उठून जागा दिली. कंडक्टरने कुठे जायचं विचारलं, पवनारला तेरवीला असं कौशल्याबाईने सांगितलं, आणि त्या कंडक्टरने चक्क सुट्ट्यांवरून कटकट न करता तिकीट फाडलं. पुढच्या बाकावरची एक म्हातारी वळून वळून बघत होती. शेवटी तिने पदराने स्वतःचेच डोळे पुसले. बंडूला वाटलं, सांगून टाकावं. पण बसभर लोकांना काय आणि किती सांगणार?

पवनारला मंडपाच्या तोंडाशीच बबनराव उभे होते. हे गावातले किराणा दुकानदार. कोणाचीही तेरवी त्यांच्या भाषणाशिवाय पार पडत नसे. मामा-भाच्याचं फाटलेलं त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि आज बंडू आलाच तर त्याला दोन शब्द सुनावायचे असं त्यांनी ठरवूनही ठेवलं होतं. पण समोर बघतात तर काय, बंडूला बायकोने हाताला धरून आणलेलं, पाऊल नीट पडत नाही आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या. बबनरावांचा राग तिथल्या तिथे विरघळला. त्यांनी बंडूला छातीशी धरलं आणि तेही रडू लागले.

मागच्या ओळीचा बेत तिथेच संपला. बंडूला सगळ्यांत पुढे, मामांच्या फोटोसमोर बसवण्यात आलं. फोटोवर मंडपाच्या फटीतून ऊन पडलं होतं आणि काचेवरची ती तिरीप बरोबर बंडूच्या डोळ्यांत येत होती. त्याने बघायचा प्रयत्न केला, पण कळ मस्तकात गेली आणि त्याने तोंड झाकून घेतलं. पोराला फोटो बघवत नाही, अशी कुजबुज बायकांकडून निघाली आणि बघता बघता साऱ्या मंडपात पसरली. दुपारपर्यंत कोरडे बसलेले पाहुणेही नाकं ओढायला लागले. ज्यांनी आयुष्यभर मामांशी वाद घातला, त्यांनाही मामा फार मोठे माणूस होते असं वाटायला लागलं.

कौशल्याबाईला हे सगळं असह्य होत होतं. खरं काय ते शेजारणीला सांगायला तिने तोंड उघडलंही होतं, पण बंडूने तिचा हात दाबला. आता सांगायचं म्हणजे काय? मामाच्या मरणाचं रडू नव्हतं, गेटचं होतं, असं? लोकांनी चपला घेऊन पाठलाग केला असता. आणि खरं सांगायचं तर, इतक्या वर्षांनी या अंगणात आपल्या पाठीवरून हात फिरतो आहे, हे त्याला मनातून बरंही वाटत होतं. बरं वाटत होतं म्हणून लाज वाटत होती, आणि लाज वाटून डोळे पुसावे तर आग आणखी वाढत होती.

बबनरावांनी भाषण केलं. गुरू कसा असावा हे सांगितलं, शिष्य कसा असावा हे सांगितलं आणि शेवटी बंडूजी दोन शब्द बोलतील असं जाहीर करून टाकलं. बंडूला दोघांनी धरून उभं केलं. समोर सगळं पांढरं, धूसर. जे खरं होतं आणि पहाटेपासून डोक्यात घुमत होतं, तेच बाहेर आलं.

"मामा बरोबर होते," तो म्हणाला. "माह्यंच चुकलं."

एवढं बोलून तो खाली बसला. पण मंडपात असा हुंदका फुटला की आचारीसुद्धा कढई सोडून बघायला आला. असं भाषण पवनारात झालं नव्हतं, असं नंतर बबनराव स्वतः म्हणाले.

तेवढ्यात आतून निरोप आला, मामी बोलावते. साऱ्या गावाला फसवता येईल, पण मामीने घरात दोन वेल्डरांचे डोळे बघितले होते. ती एका नजरेत ओळखणार. नवऱ्याच्या तेरवीत खोटे अश्रू घेऊन आलेल्या भाच्याला कोण उंबऱ्यात उभं करील?

मामी आतल्या अंधाऱ्या खोलीत सतरंजीवर बसली होती. तिने त्याला समोर बसवलं, हनुवटी धरून तोंड वर केलं आणि अंगठ्याने एका डोळ्याची पापणी ओढून बघितली.

"काल टाके मारले?"

"हाव," बंडू म्हणाला.

"बिना चष्म्याचे?"

"हाव, मामी."

आता उठ आणि चालता हो, हे शब्द ऐकायची त्याने तयारी केली. मामीने दाराकडे तोंड करून आचाऱ्याला हाक मारली आणि दोन मोठे आलू मागवले. मग एकाच्या गार चकत्या कापल्या, बंडूला आडवं केलं आणि एकेक चकती त्याच्या डोळ्यांवर ठेवली. आग एकदम निवली. कितीतरी वर्षांनी कोणी त्याला न विचारता निजवलं होतं.

"मामी, बाहेर लोक समजून राह्यले का मी मामासाठी..."

"समजू दे," मामी म्हणाली. तिने सरकलेली चकती नीट केली. मग अगदी सहज, रोजचं काही सांगावं तशी सांगू लागली. "दसऱ्याले सारे भाचे सोनं द्याले येत. तू येत नोता. मंग तुह्ये मामा मांगच्या खोलीत जाऊन बसत अन् डोळे लाल करून बाहेर येत. मले म्हणत, आर्क लागली, आलू चिर."

बंडूचा हात चाचपडत मामीच्या पदराशी गेला.

"मी चिरून देत होती. दरसाली देत होती," मामी म्हणाली. "आता तूच सांग बंडू, दसऱ्याले मशीनची पूजा असते. त्या दिवशी मशीन चालवते का कोणी? अन् त्याईच्या डोळ्यावरचा चष्मा तं कधी उतरतच नोता. आर्क लागन कशी?"

बंडू मामीचा पदर मुठीत धरून लहान पोरासारखा हमसून हमसून रडू लागला. चकत्या घसरून कानांशी आल्या, खांदे गदगदायला लागले, तरी रडू थांबेना. मामी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

आवाज ऐकून बबनराव पाण्याचा गडवा घेऊन दारात आले. बंडूची ती अवस्था बघून त्यांनी पुन्हा डोळे पुसले. मंडपातल्या लोकांनाही हे कळायला पाहिजे, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"वहिनी, लयच मनाले लावून घेतलं यानं," ते म्हणाले.

"मनाले कायचं, बबनराव," मामी म्हणाली. "रडत नाई तो. वेल्डिंगची आर्क लागली त्याले."

बबनराव गडवा हातात घेऊन तसेच उभे राहिले. त्यांनी बंडूकडे बघितलं, आलूच्या चकत्यांकडे बघितलं, मग बाहेर अजून नाकं ओढत बसलेल्या मंडपाकडे बघितलं, आणि गडवा उंबऱ्यावर ठेवून निघून गेले. बंडूच्या कानांशी घसरलेल्या चकत्या पार भिजून गेल्या होत्या, म्हणून मामीने दुसरा आलू चिरायला घेतला.