सांबअप्पांचं केकताड आणि आमचं गवत

रेल्वेची शिट्टी ऐकू आली की सांबअप्पा उठून उभे राहायचे. मग ते कुठेही असोत. आमच्या ओट्यावर चहा पीत असोत की न्हाव्यापुढे अर्धी दाढी झालेली असो. ताठ कणा, नजर समोर, आणि उजवा हात असा धरलेला, जणू त्यात हिरवी झेंडी आहे. गाडीची खडखड पार विरली की बसायचे आणि बोलणं तुटलं होतं त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचे. एकदा एका बारशाच्या पंगतीत ते असे उभे राहिले. वाढप्याला वाटलं, म्हातारबांचं उरकलं. त्यानं पत्रावळ उचलून नेली. अप्पा खाली बसले तर पुढे नुसती सतरंजी.

अप्पा चुडाव्याच्या स्टेशनावर पॉइंट्समन होते. तिथं न थांबता जाणाऱ्या गाड्यांना झेंडी दाखवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर होऊन ते परभणीला आमच्या शेजारी राहायला आले. बायको आधीच गेलेली, मुलगी उदगीरला दिलेली. दोन्ही घरं एकाच मालकाची, मधे एक भिंत, पुढे एकच ओटा, एकच फाटक, आणि मागच्या बाजूला, कुंपणापलीकडे थोड्या अंतरावर, रेल्वेचे रूळ. मालक म्हणाला होता, गाड्यांच्या आवाजामुळे हे घर कुणी घेत नाही. अप्पांनी त्या आवाजासाठीच घेतलं.

नोकरी सुटली तरी भाषा रेल्वेचीच राहिली. कुणाच्या मुलीचं लग्न जमलं की "लाईन क्लिअर मिळाली." कुणी दारू प्यायला लागला की "रुळावरून उतरलाय." मी शाळामास्तर. माझी बढती दर वर्षी हुकायची, तेव्हा ते आमच्या हिच्यासमोर म्हणायचे, "मास्तर सायडिंगला पडलेत. मालगाडीचं तसंच असतंय." हिला ते इतकं पटायचं की त्या दिवशी अप्पांना चहाबरोबर चिवडाही मिळायचा.

भांडण लागलं ते ओट्यापुढच्या वाफ्यावरून. वाफा एक, घरं दोन. अप्पा एके दिवशी चुडाव्याला जाऊन आले ते पाठीवर पोतं घेऊन. पोत्यात केकताड. पुस्तकात ज्याला घायपात म्हणतात तेच. जाड मांसल पानं, प्रत्येकाच्या टोकाला दाभणासारखा काटा. रुळाच्या कडेनं कुंपणाला असतं, गुरं आत येऊ नयेत म्हणून.

त्याच आठवड्यात आमचे मेहुणे औरंगाबादहून आले. त्यांनी कुंडीतून एक गवत आणलं. शोभेचं गवत. बारीक, लवलवतं, वर कोल्ह्याच्या शेपटीसारखे तुरे येणारं. "तिकडं बंगल्याबंगल्यांतून लावतात," मेहुणे म्हणाले. हिच्या माहेरची वस्तू म्हटल्यावर ती वाफ्यात जाणार हे ठरलंच. प्रश्न फक्त हा होता, की वाफ्यात केकताड आधीच उभं होतं.

दूध घालायला पिंगळीहून नारायण यायचा. त्यानं गवत पाहिलं आणि सायकल भिंतीला टेकवून हसत बसला.

"मास्तर, आमी जन्मभर रानातलं गवत उपटायलोत, आन् तुमी विकत आणून लावायलात?"

"शोभेचं आहे," मी म्हणालो.

"म्हशी खातील का?"

"नाही."

"मग कुनाच्या शोभेचं?"

अप्पांनी तोडगा काढला. दोन्ही झाडं वाफ्यात राहतील. दिवाळीपर्यंत मुकाबला. जे ड्यूटीला पक्कं निघेल ते राहील, दुसरं बाहेर. हिनं "चालेल" म्हटलं, पण ते अशा आवाजात, की गवत हरलं तर तिच्या माहेरची अब्रू माझ्यामुळे गेली असं धरलं जाईल, हे मला कळून चुकलं.

त्या उन्हाळ्यात नळ मनाला येईल तेव्हा यायचा. भांडी विसळलेलं पाणी तेवढं वाफ्याला. अप्पा रोज सकाळी दोन्ही झाडांची हजेरी घ्यायचे. केकताडापुढे उभे राहून "शाबास." गवतापुढे उभे राहून नुसतं "हं." मला म्हणायचे, "हे बघा मास्तर. पानी न्हाई, सावली न्हाई, तक्रार न्हाई. असा इमानदार नोकर सायबाला मिळत न्हाई. आन् तुमचं गवत बघा. वारा आला की डुलायलंय. स्टाफचं लक्षण न्हाई हे. हे पॅसेंजरचं लक्षण हाय."

वैशाखात गवत वाळलं. जे उरलं ते गल्लीतल्या शेळीनं बुडापर्यंत खाल्लं. केकताडाला मात्र तिनं हुंगलं आणि मान झटकून चालती झाली. अप्पांनी दिवसभर ही गोष्ट गल्लीत सांगितली. "शेळीला बी कळतंय," असं शेवटी जोडून.

केकताडाचे प्रताप ते सांगत नसत. त्यानं पोस्टमनचा खाकी सदरा फाडला, नारायणाच्या धोतराला खिडकी पाडली. माझी नवी टेरिकॉटची पँट मी फक्त तपासणीच्या दिवशी घालत असे. तपासणीच्याच सकाळी फाटकातून निघताना मागून चर्र आवाज आला. साहेब येऊन जाईपर्यंत मी फळ्याला पाठ लावून शिकवलं. साहेबांनी शेरा मारला, शिक्षक विद्यार्थ्यांकडे सतत लक्ष देतात. घरी येऊन मी अप्पांना पँट दाखवली. ते चष्मा लावून बारकाईनं बघत म्हणाले, "झाड ड्यूटीवर होतं मास्तर. तुमी लाईनीत आलात."

श्रावणात गवताला पुन्हा कोंब फुटले. दसऱ्यापर्यंत ते कमरेएवढं झालं आणि त्याला खरोखरच तुरे आले, फिकट गुलाबी. ही रोज एकदा तरी बाहेर येऊन मोठ्यानं म्हणायची, "काय सुरेख दिसतंय गं बाई." जवळपास दुसरी कुठलीही बाई नसताना.

निकालाचा दिवस ठरवावा लागला नाही. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत बंद वरचेवर असायचे. दिवाळीच्या तोंडाशी असाच एक बंद आला. शाळा बंद, बाजार बंद, गाड्याही बंद. नारायण पहाटेच दूध घालायला आला होता, तो आमच्याकडेच अडकला. सगळे ओट्यावर बसलेले. अप्पा म्हणाले, "आज होऊनच जाऊ द्या."

नारायणानं केकताडाला मत दिलं. "धोतर फाडलं त्यानं, पर शेळीम्होरं उभं ऱ्हायलं. आपल्याला आवडलं."

हिनं गवताला दिलं. अप्पा म्हणाले, मी कंट्रोलर, मला मत नाही. म्हणजे राहिलो मी.

"दोन्ही झाडं आपापल्या जागी," मी सुरुवात केली.

"मास्तर, सिग्नल एक तर लाल असतोय न्हाई तर हिरवा."

"गवताला रूप आहे, पण केकताडाचा चिवटपणा..."

"हे गवत दोन म्हैने गैरहजर होतं," अप्पांनी आठवण करून दिली. "मास्तर, तुमच्या वर्गात चालंल का?"

आता वीस वर्षं मी पोरांना गैरहजेरीवरून बोलत आलेला माणूस. मी केकताडाकडे बोट केलं. ही आत गेली आणि भांडी जरा जास्तच जोरात लावू लागली. त्या दुपारी मला जेवायला पिठलं मिळालं. तेही आदल्या दिवशीचं.

ठरल्याप्रमाणे संध्याकाळच्या आत अप्पांनी गवत उपटायचं होतं. त्यांनी कुदळ काढून भिंतीला लावून ठेवली आणि खुर्ची टाकून बसले. मी डोकावलो.

"अप्पा, उपटता ना?"

"आज सोमवार. आमी सोमवारी मातीला हत्यार लावत न्हाई."

शंभूच्या भक्ताला सोमवार मोडा असं कोण म्हणणार? मी शेजारी टेकलो. गल्ली अगदी चिडीचूप होती. मागच्या रुळांवरून सकाळपासून काही गेलं नव्हतं, आणि त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की अप्पा सकाळपासून एकदाही उठून उभे राहिले नव्हते. त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. एकदा गुडघ्यावर ठेवत, एकदा मांडीखाली घेत.

वारा सुटला. गवताचे तुरे एकाच बाजूला झुकले, परत आले, परत झुकले.

"हात करायलंय की हे," अप्पा म्हणाले.

"काय?"

"काही न्हाई." ते गवताकडे बघतच म्हणाले, "मेलगाडी जायची चुडाव्यावरून. खिडकीत पोरं असायची. बाया असायच्या. हात करायची सगळी. ओळख न पाळख. आपल्या एका हातात झेंडी, दुसऱ्यात रूळ बदलायचा दांडा. दांडा सोडता येत न्हाई, झेंडी हलवता येत न्हाई. अशीच जायची मग. हात करत."

"मग अप्पा, तुम्ही कधीच..."

"ड्यूटी हाय ती मास्तर," ते एकदम कोरडं बोलले, आणि कुदळ उचलून आत घेऊन गेले.

मंगळवारी पहाटे मागच्या अंगणात खणण्याचा आवाज आला. उठून पाहतो तर वाफ्यात नुसतं गवत. केकताड मागच्या कुंपणाला, रुळांच्या बाजूला उभं. अप्पांच्या दोन्ही हातांवर ओरखडे. ही दारात आली, आधी वाफ्याकडे पाहिलं, मग अप्पांकडे.

"अप्पा, जिंकलं तर केकताड होतं ना?"

"व्हय. त्याची बदली केली. जिंकलेल्याला जिम्मेदारीची जागा द्यावी लागतीय. तिकडं कुंपण उघडं हाय, गुरं रुळावर जायलीत." गवताकडे न बघता ते पुढे म्हणाले, "ह्याला कुठं काय जमतंय. पडू द्या दारात."

हिनं अप्पांच्या हातांना लावायला खोबरेल तेलाची वाटी ठेवली, आणि मला ताजी भाकरी मिळाली.

त्या संध्याकाळी गाड्या सुरू झाल्या. मी शाळेतून येत होतो. फाटक उघडलं तेवढ्यात घरामागून शिट्टी वाजली. ओट्यावर अप्पा उठून उभे राहिले. ताठ कणा, उजवा हात झेंडी धरल्यासारखा. गाडी धडधडत जाऊ लागली, गार वारा आला, वाफ्यातले तुरे लवले. आणि अप्पांचा तो ताठ उजवा हात हळूच वर गेला, पंजा उघडला, आणि ते हात करू लागले. आधी बिचकत, मग लहान पोरं करतात तसा, अगदी मनगटापासून.

फाटकात मी गवताच्या नेमका मागे उभा होतो. मला वाटलं, मलाच करताहेत. माझाही हात वर गेला. तेव्हा अप्पांनी मला पाहिलं.

गाडी निघून गेली. आम्ही दोघं तसेच, हात वर केलेले.

"माशा लय झाल्यात मास्तर," अप्पा म्हणाले आणि तोच हात तोंडासमोर हलवू लागले.

"हो ना, लय झाल्यात," मी म्हणालो. आणि मीही फाटकात उभा राहून, एकही माशी नसताना, बराच वेळ माशा हाकलल्या.