पोच घेणारे इस्माईलचाचा

ईदच्या सकाळी आमच्या दारात शीरखुर्म्याचं पातेलं येतं आणि त्याच्या झाकणावर एक वही येते. वहीत मजकूर आधीच लिहिलेला असतो: 'शीरखुर्मा, एक पातेलं, गरम, मिळाला.' खाली आपण सही करायची. सही होईपर्यंत इस्माईलचाचा पातेल्यावरचा हात काढत नाहीत. पहिल्या वर्षी मी हसून म्हटलं, "चाचा, मिळालं नाही असं मी नंतर म्हणणार आहे का?" तर म्हणाले, "तू नाय बोलणार, बाय. पण पोच घ्यायची सवय मोडली की माणूस फसतो."

चाचा फहाहीलला आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहतात. मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावचे. कुवेतमध्ये तीस वर्षं तरी झाली असतील. शुवैखच्या एका कंपनीत ते मंदूब आहेत, म्हणजे कंपनीचे कागद घेऊन सरकारी कचेऱ्यांत फिरणारा माणूस. हे झालं पोटाचं काम. शुक्रवारी जुम्याची नमाज आटपली की त्यांचं खरं काम सुरू होतं. कुठले कुठले सुतार, वेल्डर, ड्रायव्हर आमच्या जिन्यात येऊन बसतात. कोणाला रजा देत नाहीत, कोणाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, मालकाने वेळेवर वाढवलेला नाही. चाचा सगळ्यांचे अर्ज लिहितात. फुकट, आणि वर चहा त्यांचाच.

"तुम्ही वकीलच व्हायचं होतं," असं मी एकदा म्हटलं.

"वकील कशाला? मी वाचता येणारा माणूस हाय. अर्ध्या लोकांचं काम तेवढ्यावर भागतं."

अरबी अर्ज ते स्वतः लिहितात. इंग्रजी अर्ज टाइप करायला मी आहे. शुक्रवारी मला जरा वेळ असतो, असं मी आठ वर्षांपूर्वी त्यांच्यासमोर बोलून गेले, ते अजून निस्तरते आहे. माझी मुलगी सई इथेच जन्मली. ती दार उघडून आत ओरडते, "आई, अंकल इज हिअर विथ हिज फाइल्स." चाचा तिलाही सोडत नाहीत. प्रोजेक्ट शाळेत दिलास ना, मग टीचरची सही घेतलीस काय? सही नसेल तर तो प्रोजेक्ट दिलाच नाही असं समज. मागे दवाखान्यात त्यांना इंजेक्शन दिलं, तर ते कोणत्या दंडाला दिलं हे लिहून द्या म्हणून नर्सच्या मागे लागले. तिने वैतागून कागदावर लिहून दिलं. चाचांनी आधी दंड पाहिला, मग कागद वाचला आणि मगच बाही खाली केली.

गेल्या वर्षी महादेव आला. सुलैबियाला सुतारकाम करणारा, चाचांच्या गावासमोरच्या काठावरचा. त्याने सात वर्षांच्या कमाईतून गावी घर बांधलं होतं. पाया, भिंती, स्लॅब, सगळं फोनवरच पाहिलेलं. रजेअभावी वास्तुशांत दोनदा पुढे गेली होती. घर तयार होऊन कुलपात, आणि बायको शेजारी दिराच्या पडवीत राहत होती. नवऱ्याआधी उंबरा ओलांडणार नाही, असं तिने चक्क सांगून टाकलं होतं. आता तिसरा मुहूर्त तीन आठवड्यांवर आला होता. या खेपेला रजा मिळाली, पण पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. साहेब परदेशी गेलेत, पुढच्या महिन्यात या, असं त्याला ऑफिसात सांगितलं होतं.

"पासपोर्ट दिलास तेव्हा पोच घेतलीस?" चाचांनी विचारलं.

महादेव खाली बघायला लागला. मग त्याला अर्धा तास ऐकून घ्यावं लागलं. शेवटी चाचा म्हणाले, "जे काय कागद असतील ते सगळे पुढच्या शुक्रवारी घेऊन ये. काय टाकू नकोस."

पुढच्या शुक्रवारी महादेव बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक अरबी कागद होता, वर हळदकुंकू. "ह्यो माजा व्हिजाचा कागद," महादेव म्हणाला. "दसऱ्याला पुजतो. ह्याच्यावरच तर हितं आलो."

चाचांनी कागद वाचला. चष्मा पुसून परत वाचला. मग इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मी पाणी आणलं. ती पासपोर्टचीच पोच होती. कामगाराच्या इच्छेने सुरक्षिततेसाठी ठेवून घेतला आहे, मागेल तेव्हा परत देऊ, खाली कंपनीचा शिक्का. रुजू झाल्या दिवशी सह्यांच्या गठ्ठ्यात त्याला ही प्रत मिळाली होती.

"सात वर्षं हा बाबा पोचेची पूजा करतोय," चाचा मला म्हणाले. "मी निदान नुसती फायलीला लावतो."

रविवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते स्वतः महादेवबरोबर गेले. अर्ज, त्याची प्रत आणि ती पोच टेबलावर ठेवली. कारकून हळदकुंकवाकडे बघत राहिला. चाचांनी त्याला कागदातली 'मागेल तेव्हा' एवढीच ओळ तीनदा वाचून दाखवली. साहेब परदेशी होते, पण किल्ली इथेच होती. तासाभरात दोघं पासपोर्ट घेऊन बाहेर.

वास्तुशांत शुक्रवारीच होती. दुपारी चाचा आमच्या टेबलाशी अर्ज सांगत होते आणि मी टाइप करत होते, तेवढ्यात महादेवचा व्हिडिओ कॉल आला. त्याने देवघर दाखवलं, चूल दाखवली. बायको पदर तोंडाशी धरून हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. मग तो धापा टाकत गच्चीवर गेला. "चाचा, ह्ये बघा, खाडी. पल्याड तुमचा घर दिसतो."

माडांमध्ये एक कौलारू घर होतं. एका बाजूची कौलं खचलेली.

"दार बंद हाय ना?" चाचांनी विचारलं.

"बंदच हाय."

"बरं. फोन जरा तसाच धर."

महादेव बिचारा उन्हात हात ताणून उभा राहिला. चाचा बघत राहिले. फोन बंद झाल्यावर मी न राहवून म्हटलं, "तुम्हीही जाऊन या ना, चाचा. गावी गेल्याला सहा वर्षं झाली."

त्यांनी शर्टाच्या खिशातून पासपोर्ट काढून माझ्यासमोर ठेवला. तो सदैव त्यांच्या खिशातच असतो, हे मला ठाऊक नव्हतं.

"गावी माझी बायको, जैबू, आजारी होती, तेव्हा पण असाच खिशात होता. गुरुवारचं तिकीट होतं. इथल्या अकरा कामगार पोरांच्या अर्जाची सुनावणी रविवारवर गेली. मी बोललो, तीन दिवसांनी काय होतंय. शनिवारी ती गेली." ते पासपोर्टच्या कव्हरवरून अंगठा फिरवत राहिले. "ह्या सगळ्यांना कोणीतरी अडवलेलं असतं, बाय. त्याचं नाव लिहून मी अर्ज करतो. मला कोणी अडवलं नव्हतं. मी कोणाच्या नावाने करू?"