उलट्या पिळाची टकळी

कळंबच्या ज्ञानूतात्यांनी माझ्या हेल्मेटला नंबर दिला, तेव्हा आमची ओळख जेमतेम चार मिनिटांची होती. त्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं, हुंगलं आणि मोठ्यांदा म्हणत रजिस्टरात लिहिलं, "वस्तू, हेल्मेट. काचेवर तीन चरे. आतून वास. मुक्काम तात्पुरता." मग दोऱ्यानं चिठ्ठी बांधली.

"अहो तात्या, जाताना मी घेऊन जाणारे ते!"

"तवा जावक रजिस्टरला सही करा, पाव्हणं. नोंद न्हाय, म्हंजी वस्तू न्हाय."

शाळेच्या दोन जुन्या खोल्यांत तात्यांचं संग्रहालय आहे. मोटेची चाकं, कंदील, घोंगड्या, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा. तात्यांची नोकरी बारामतीला झाली, एसटीत विसरलेल्या सामानाच्या खोलीत. सगळी विद्या तिथली. "माणूस छत्री मागाया यायचा. कशी हाय? तर म्हनं, काळी! माझ्याकडं चाळीस काळ्या! मूठ कसली, काडी कुठली मोडलीया, ह्ये लिवलेलं आसंल तरच छत्री घरी जाती."

म्हणून इथं प्रत्येक वस्तूच्या पोटाखाली, दिसणार नाही असा, बारीक नंबर असतो. आधी रोगणाचा हात, त्यावर आकडा, म्हणजे पुढेमागे पुसता येतो. "वस्तूला गोंदायचं न्हाय," हा तात्यांचा कायदा. मागे खोल्यांना चुना दिला, तेव्हा सगळं सामान व्हरांड्यात एकत्र झालं. संध्याकाळपर्यंत तात्यांनी घंटा न् घंटा आपापल्या खिळ्यावर नेली. एवढंच, की रंगाऱ्याचा डबा दोन दिवस पितळी भांड्यांच्या फळीवर होता. नोंद मात्र चोख होती. अवस्था: आत पिठलं.

मी आईचा खलबत्ता द्यायला गेलो होतो. तात्यांनी रकाने भरले. काय, कशाचा, कुठं टवका, कोण वापरायचं. मी आईचं नाव सांगितलं.

"ह्ये सासरचं. म्हायेरचं?"

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, आणि आईचं लग्नाआधीचं नाव ठाऊक नाही!

"बगा," तात्या म्हणाले. "लगीन झालं की बाईचं नाव बदलायचं. म्हंजी नंबर पुसून दुसरा टाकायचा, आन् पैला कुठंच लिवायचा न्हाय. आमच्या डेपोत आसं केलं आस्तं तर घरी घालिवलं आस्तं मला." आणि फोनकडे बोट दाखवलं. "इचारा."

मी आईला फोन लावला, आवाज मोठा ठेवून. "आई, तुझं माहेरचं नाव काय गं?"

"का रं बाळ्या? माघारी धाडतोस व्हय मला सुप्याला?"

नाव निघालं कुसुम. तात्यांनी ते लिहिलं खरं, पण हात मध्येच थांबला होता. "सुप्याच्या हैत?" त्यांनी रजिस्टरचं पहिलं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. नंबर एक: लोकर कातायची टकळी. वापरणारी: सोना. माहेर: सुपे. पुढचा, माहेरच्या नावाचा रकाना कोरा.

"माजी आय," तात्या म्हणाले. "मी तीन वर्साचा व्हतो तवा गेली. आजोळची मान्सं मेंढरं घिऊन पांगली. सुप्याला धा खेपा केल्या. सोना म्हनून कुनी वळखंच ना."

फोनमधून आई कडाडली, "कसं वळखतील? सोना तुमची! आमची कशी आसंल? कळंबात दिलती ती आमच्या वाड्यामागची हिरा. मी ल्हान व्हते, तिच्याम्होरं बसून बगायची. डावरी व्हती. टकळी डाव्या हातानं उलटी फिरवायची, आन् तिची म्हातारी आजी रागं भरायची."

तात्यांनी त्याच पहिल्या पानावर बोट ठेवलं. तिथं त्यांच्याच अक्षरात होतं, अवस्था: दांडी शाबूत, थोडं सूत शिल्लक. सुताला पीळ उलटा. कारण माहीत नाही.

मी त्या 'कारण माहीत नाही'कडे बघत राहिलो. दुसऱ्या कुणी ते लिहिलंच नसतं.

त्यांनी चष्मा पुसला. कोऱ्या रकान्यात सावकाश लिहिलं, हिरा. मागचं वाक्य खोडून लिहिलं, कारण: डावरी. मग उठून कपाट उघडलं आणि हातमोजे न घालताच, उघड्या हातानं, टकळी बाहेर काढली. आल्यागेल्याला वस्तूपासून हातभर लांब उभं करणारा हा माणूस!

टकळी त्यांनी डाव्या हातात धरली आणि उलटी फिरवून पाहिली. जमेना. दोनदा पडली. तिसऱ्या खेपेला जरा गरगरली.

मला बघताना पाहून ते एकदम खेकसले, "म्होरं बगा, पाव्हणं. ह्याची नोंद न्हाय करायची."