कूलर बंद करा, इंजिन बोलतंय

मे महिन्यात, अकोल्यात, भर दुपारी दार वाजवून "कूलर बंद करा" असं सांगणारा माणूस धडधाकट घरी परत कसा जातो, हे मला अजून कळलेलं नाही. आमचे शेजारी पुंडलिकभाऊ दर रविवारी जातात.

कारण काय, तर त्यांना गाडीचे टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या बारीक फटी, कानाने ऐकून सेट करायचे असतात.

गाडी म्हणजे त्यांच्या अंगणातली पांढरी मोटार. तिच्या मीटरने सगळे आकडे एकदा संपवून पुन्हा शून्यापासून संसार मांडलाय. तिला मेकॅनिकचा हात लागलेला भाऊंना खपत नाही. "मेकॅनिक लोकं नुसते पाने फिरवतेत. आयकत नाईत!" प्लग पॉलिश पेपरने घासणं, कार्बोरेटर पेट्रोलने धुणं, ऑइल बदलणं, सगळं स्वतः. जुनं ऑइल ते फाटकाच्या बिजागऱ्यांना देतात. त्यांच्या आणि, न विचारता, माझ्याही. माझा चांगला लेंगा त्यात गेला.

सगळ्यात शेवटी टॅपेट. इंजिन चालू करायचं, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. "इंजिन बोलते मास्तर, आयकनारा पायजे!" मग गल्लीत मिक्सर नको, टीव्ही नको, कूलर तर नकोच. सकाळी का करत नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, "सकाळी नळ येते. मंग बाया बोलतेत. त्याइले कोन बंद करन?"

यंदा तर कहरच झाला. त्यांची मुलगी माया पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती आणि दर्यापूरहून तिला याच गाडीतून आणायचं, असं भाऊंनी जाहीर करून टाकलं. त्यांच्या बायकोने, सिंधुवयनींनी, समजावून पाहिलं. "आवं, जवायानं नवी गाडी घेतली. थो आनून सोडन ना पोरीले!"

"पोरीले बाप आनते, जवाई नेते. रीत हाय."

"अन् रस्त्यात बंद पडली तं?"

"काहून पडन? मी हाय ना आयकाले!"

झालं. रविवारचं टॅपेट रोजचं झालं. गल्ली उकडून निघाली. एका दुपारी माझंही डोकं सटकलं. हो हो म्हटलं, आणि कूलर बंद केलाच नाही. भाऊ माझ्या खिडकीशी आले. तिथे तो कूलर पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता. त्याच्या शेजारी उभे राहून ते समाधानाने म्हणाले, "हां! आता कशी शांतता झाली. उपकार झाले मास्तर."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पाय चपलेत सरकवले आणि त्यांच्यामागे गेलो. टॅपेटची टिकटिक मला फाटकातूनच ऐकू येत होती. भाऊ मात्र स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून, डोळे घट्ट मिटून उभे. मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. हाताला इंजिनाचा कंप जाणवेना, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"भाऊ, आवाज येतोय!" मी मोठ्याने म्हणालो. "मला फाटकापासून येतोय."

ते माझ्या ओठांकडे बघत होते; बोलणं तिथूनच वाचत होते. मग चिंधीने हात पुसत म्हणाले,

"तुमच्या वयनीले नोका सांगू."

"अहो, गाडीचं एवढं काय घेऊन बसलात? दर्यापूरला मी चालवतो, तुम्ही सोबत बसा."

"गाडीचं नाही हो मास्तर. टॅपेटचा आवाज बारीक. म्हनून रोज पाहून राहिलो, येते का कानावर. थो आला तं लेकराचा बी यीन."

मी हसलो. "रडणं काय, सगळ्या गल्लीला ऐकू येईल!"

"रडनं नाही. दूध पिऊन झोपलं का लेकरू नाकातल्या नाकात आवाज करते न, तसा. माया लहानपनी तसा करे. ड्युटीवरून आलो का मी नुसता आयकत बसो. थो आयकाचा हाय मले, अजून एक डाव."

राजेहो, असा बारीक आवाज माझ्या घरातही झाला असणार, मी कधी बसून ऐकला नाही.

"उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ," मी खाली बघून म्हणालो. त्यांना कळलं नाही. मग मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या, सिंधुवयनी पदराला हात पुसत बाहेर आल्या, आणि भाऊंनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "किती वाजता?"